बोटावरची क्लिप कोणाच्या त्वचेवर तपासली? : वैद्यकीय खरेदी प्राधिकरणाला खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण
आणि सार्वजनिक आरोग्य विभाग, महाराष्ट्र शासन

विषय : पल्स ऑक्सिमीटरच्या निविदेत गडद त्वचेवरील अचूकतेची अट घालण्याबाबत

महोदय / महोदया,

रुग्णाची त्वचा गडद असेल, तर पल्स ऑक्सिमीटर, म्हणजे बोटाला लावायची क्लिप, त्याच्या रक्तातला ऑक्सिजन प्रत्यक्षात असतो त्यापेक्षा जास्त दाखवण्याची शक्यता वाढते. ऑक्सिजन जितका खाली, तितकी ही चूक मोठी. म्हणजे यंत्रावर सर्वांत जास्त भिस्त असते नेमकी तेव्हाच ते खोटा दिलासा देते. उपकेंद्रापासून वैद्यकीय महाविद्यालयाच्या अतिदक्षता विभागापर्यंत सगळीकडे हे यंत्र आहे आणि सरकारी दवाखान्यांत ते कोणत्या अटींवर यायचे हे आपण ठरवता, म्हणून हे पत्र आपल्याला लिहीत आहोत.

आधी पुरावा पाहू. तो मुख्यतः अमेरिकेतला आहे, कारण हा प्रश्न तिथे वंशभेदाचा प्रश्न म्हणून तपासला गेला. डिसेंबर २०२० मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या डॉक्टरांनी क्लिपचा आकडा आणि त्यानंतर दहा मिनिटांच्या आत धमनीतून घेतलेल्या रक्ताचा आकडा अशा जोड्या तपासल्या. क्लिप ९२ ते ९६ टक्के दाखवत असताना रक्तातला खरा ऑक्सिजन ८८ टक्क्यांच्या खाली होता, असे गोऱ्या रुग्णांच्या ३.६ टक्के जोड्यांत आढळले आणि कृष्णवर्णीय रुग्णांच्या ११.७ टक्के जोड्यांत. इतर अनेक रुग्णालयांच्या माहितीत हेच प्रमाण ६.२ आणि १७ टक्के निघाले. २०२२ मध्ये कोविडच्या रुग्णांवर झालेल्या दुसऱ्या अभ्यासात गोऱ्या रुग्णांच्या तुलनेत क्लिप आशियाई रुग्णांमध्ये सरासरी १.७ टक्के आणि कृष्णवर्णीय रुग्णांमध्ये १.२ टक्के जास्त दाखवत होती. अमेरिकेच्या नोंदींतला ‘आशियाई’ हा रकाना चिनी, कोरियन, तमिळ, मराठी सगळ्यांना एकत्र कोंबतो, त्यामुळे हा आकडा उचलून गडचिरोलीला लावता येणार नाही. पण ‘हा तिकडचा प्रश्न आहे’ असे म्हणायलाही तो जागा ठेवत नाही.

दीड-दोन टक्क्यांनी काय बिघडते, असा प्रश्न खरेदी समितीत हमखास येतो. कोविडच्या २०२१ च्या राष्ट्रीय उपचार मार्गदर्शिकेत ९० ते ९३ टक्के म्हणजे मध्यम आजार आणि ९० च्या खाली म्हणजे तीव्र आजार अशी वर्गवारी होती. ९४ दिसला की घरी, ९३ दिसला की खाट. दोन टक्क्यांची चूक या रेषेवर पडली, तर ज्याला ऑक्सिजन हवा त्याला घरी पाठवले जाते आणि तो परत येतो तेव्हा ८० वर असतो. शिवाय सरासरी दोन टक्के याचा अर्थ प्रत्येकाला दोन टक्के असा होत नाही. काहींच्या बाबतीत फरक शून्य असतो, काहींच्या बाबतीत सात-आठ.

आता चूक कुठून येते ते पाहू, कारण निविदेतली अट तिथेच घालावी लागेल.

क्लिप बोटातून दोन प्रकारचा प्रकाश पाठवते. एक सुमारे ६६० नॅनोमीटरचा लाल, दुसरा सुमारे ९४० नॅनोमीटरचा अवरक्त. ऑक्सिजन धरलेले हिमोग्लोबिन लाल प्रकाश कमी शोषते आणि अवरक्त जास्त. ऑक्सिजन सोडलेल्याचे उलटे. प्रत्येक ठोक्याला बोटातले धमनीचे रक्त क्षणभर वाढते, तेवढ्यापुरता पलीकडे पोचणारा प्रकाश कमी होतो. हा ठोक्याबरोबर हलणारा भाग वेगळा काढायचा आणि त्वचा, हाड, शिरांतले रक्त यांचा न हलणारा भाग भागाकारात घालवून टाकायचा, ही निहोन कोदेन कंपनीतल्या ताकुओ आओयागी यांची १९७० च्या दशकातली कल्पना. फार सुंदर कल्पना आहे. तिच्यामुळेच उद्योगाचे समाधान झाले होते की त्वचेचा रंग गणितातून आपोआप बाद होतो.

कागदावर तो बाद होतो, बोटावर पूर्ण होत नाही. क्लिपमधला एलईडी नेमक्या एकाच तरंगलांबीचा प्रकाश देत नाही, थोडा पसरट पट्टा देतो. त्वचेला गडद रंग देणारे मेलॅनिन लहान तरंगलांबीचा प्रकाश जास्त गिळते, त्यामुळे आत पोचणाऱ्या लाल प्रकाशाचा मध्यच किंचित सरकतो आणि यंत्राचे गृहीत चुकते. दुसरे म्हणजे पलीकडे पोचणारा एकूण लाल प्रकाश कमी होतो, म्हणून ठोक्याचा इशारा क्षीण आणि गोंगाट जास्त. त्यात हात गार पडले असतील, रक्तदाब उतरला असेल, तर चूक आणखी वाढते. गडद त्वचा आणि मंद रक्तप्रवाह ही जोडी सर्वांत वाईट. अतिदक्षता विभागातला रुग्ण बहुधा असाच असतो.

तरीही ही चूक दुरुस्त करता आली असती. भागाकारातून निघालेल्या गुणोत्तराचे टक्केवारीत रूपांतर करणारा तक्ता यंत्राच्या स्मृतीत भरलेला असतो आणि तो भौतिकशास्त्रातून येत नाही, माणसांवरून येतो. निरोगी स्वयंसेवकांना कमी ऑक्सिजनची हवा देऊन त्यांची पातळी टप्प्याटप्प्याने ७० टक्क्यांपर्यंत उतरवतात, दर टप्प्यावर धमनीतले रक्त तपासतात आणि दोन्ही आकडे जुळवतात. (७० च्या खाली कोणी स्वयंसेवकाला नेत नाही. तिथले आकडे केवळ रेषा पुढे ओढून काढलेले असतात, हे वॉर्डात फार कमी जणांना माहीत असते.) तेव्हा प्रश्न एवढाच उरतो की ते स्वयंसेवक कोण होते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या २०१३ च्या मार्गदर्शिकेनुसार किमान दहा जण पुरेसे होते आणि त्यांत गडद त्वचेचे किमान दोन किंवा १५ टक्के, यांपैकी जी संख्या मोठी ती.

दहांत दोन असले तरी काय होते, ते आकड्यांत मांडतो. अचूकता सर्वांची मिळून एकाच संख्येत सांगतात. प्रत्येक चुकीचा वर्ग, त्यांची सरासरी, मग वर्गमूळ. ही संख्या ३ टक्क्यांच्या आत असली की यंत्र पास. समजा, आठ फिकट त्वचेच्या स्वयंसेवकांत ती २ आली आणि दोन गडद त्वचेच्यांत ५. सर्वांनी सारखे नमुने दिले असतील, तर एकत्र हिशेब होतो ८ गुणिले ४ अधिक २ गुणिले २५, भागिले १०, म्हणजे ८.२. त्याचे वर्गमूळ २.८६. यंत्र पास झाले. गडद त्वचेवर ते नापास आहे आणि प्रमाणपत्रावर याचा मागमूसही नाही. आपल्या निविदेत ‘अचूकता ३ टक्क्यांच्या आत’ एवढीच ओळ असेल, तर हे यंत्र पहिल्या लिफाफ्यात, म्हणजे तांत्रिक छाननीत, पात्र ठरेल आणि दर कमी असला तर एल-वनही (सर्वांत कमी दराची बोली) होईल.

याला वंशभेद म्हणावे का, असे काही सहकाऱ्यांनी विचारले. ज्यांनी क्लिप बनवली त्यांच्या मनात कोणाबद्दल द्वेष असेलच असे नाही, आणि द्वेष शोधत बसलो तर मुद्दा हातून सुटतो. १९९० मध्ये शिकागोजवळच्या दोन डॉक्टरांनी छापून सांगितले होते की कृत्रिम श्वासावरच्या गोऱ्या रुग्णांत क्लिपवर ९२ टक्के ठेवले तर पुरते, कृष्णवर्णीय रुग्णांत ९५ ठेवावे लागते. सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रयोगशाळेने २००५ आणि २००७ मध्ये हीच चूक मोजून दाखवली. त्याआधी १९७० च्या दशकात ह्यूलेट-पॅकार्डचा कानावर लावायचा ऑक्सिमीटर आठ तरंगलांबी वापरत होता आणि त्याच्या रचनेतच त्वचेच्या रंगाचा विचार होता. तो बोजड आणि महाग होता, दोन दिव्यांची स्वस्त क्लिप आली आणि तो मागे पडला. माहिती होती, तंत्रही होते. तरी तीस वर्षे काही हलले नाही, कारण चुकीचा भार ज्यांच्यावर पडत होता त्यांचा नकार कोणत्याही खरेदीच्या टेबलावर पोचत नव्हता. आमच्या मते वंशभेद आरोग्यात शिरतो तो बहुतेक वेळा असा, ‘प्रमाण माणूस’ कोण हे ठरवणाऱ्या एका साध्या तांत्रिक अटीतून. कोविडच्या साथीत एमआयटीतील मानववंशशास्त्रज्ञ एमी मोरान-थॉमस यांनी हा जुना इतिहास उकरून काढला, त्यावरून मिशिगनच्या डॉक्टरांनी आपल्याकडची माहिती तपासली आणि मग अमेरिकेचे सरकार हलले. फेब्रुवारी २०२१ मध्ये सावधगिरीची सूचना निघाली, जानेवारी २०२५ मध्ये नव्या मार्गदर्शिकेचा मसुदा आला. ब्रिटनमध्ये मार्गारेट व्हाइटहेड यांच्या समितीने मार्च २०२४ च्या अहवालात वैद्यकीय उपकरणांतल्या याच पक्षपातावर बोट ठेवले.

महाराष्ट्रात या यंत्राचा वापर साथीत एकदम पसरला. सप्टेंबर २०२० पासूनच्या ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत पथके दारोदार जाऊन ऑक्सिजन मोजत होती. जुलै २०२१ मध्ये केंद्राने ऑक्सिमीटरवरच्या नफ्याला ७० टक्क्यांची मर्यादा घातली, त्यामुळे किमती आटोक्यात आल्या. अचूकता हा त्या आदेशाचा विषयच नव्हता. त्याच सुमारास बोटाऐवजी पेन्सिल घातली तरी ९८ दाखवणारी यंत्रे बाजारात फिरत होती. ती बनावट होती आणि ओळखता येत होती. आम्ही बोलतो आहोत ते प्रमाणपत्र असलेल्या यंत्रांबद्दल.

इथे एक काळजी घ्यायला हवी. जात किंवा जमात म्हणजे त्वचेचा रंग नव्हे. केसपेपरवर जातीचा रकाना वाढवून हा प्रश्न सुटणार नाही, उलट नवा भेद तयार होईल. नोंद त्वचेच्या छटेचीच व्हावी. पण चुकीचा परिणाम मात्र सगळ्यांवर सारखा होत नाही. पुण्यात क्लिपने दगा दिला तर तासाभरात एबीजी (धमनीतल्या रक्ताची तपासणी) होते आणि खरे कळते. धडगाव, अक्कलकुवा किंवा भामरागडसारख्या दुर्गम आदिवासी तालुक्यांत क्लिपचा आकडा हाच शेवटचा शब्द असतो, रेफर करायचे की नाही ते त्यावरच ठरते. याच पट्ट्यात सिकलसेलचे प्रमाण जास्त आहे आणि सिकलसेलच्या रुग्णात त्वचेचा रंग बाजूला ठेवला तरी क्लिपचा आकडा बेभरवशाचा असतो. तीव्र रक्तक्षयात, ऑक्सिजन कमी असताना, तीच गत. स्वयंसेवक मात्र तरुण, धडधाकट आणि भरपूर हिमोग्लोबिन असलेले निवडलेले असतात.

म्हणून निविदेच्या तांत्रिक अटींत पुढील बदल करावेत, ही आमची मागणी आहे.

अचूकतेचा पुरावा म्हणून माणसांवर घेतलेल्या चाचणीचा पूर्ण अहवाल मागावा. सिम्युलेटरचे (बोटाची नक्कल करणाऱ्या यंत्राचे) प्रमाणपत्र चालणार नाही, हे स्पष्ट शब्दांत लिहावे. सिम्युलेटर उत्पादकाच्याच तक्त्यातले गुणोत्तर यंत्राला परत खाऊ घालतो. त्यातून तारा, दिवे, पडदा ठीक आहेत एवढे कळते, तक्ता बरोबर आहे की नाही ते कळत नाही. दरवर्षी यंत्रावर चिकटवले जाणारे ‘कॅलिब्रेटेड’चे लेबल याच चाचणीवरून येते आणि वॉर्डात त्याचा अर्थ भलताच घेतला जातो.

अहवालात चूक त्वचेच्या गटांनुसार वेगळी दिलेली हवी. गट पाडायला दहा छटांची मंक पट्टी वापरावी : १ ते ४, ५ ते ७ आणि ८ ते १०. अमेरिकेचा नवा मसुदा हेच तीन गट धरतो आणि किमान १५० स्वयंसेवक मागतो. जुनी फिट्झपॅट्रिक पट्टी स्वीकारू नये. ती १९७५ मध्ये ऊन लागल्यावर गोरी त्वचा किती भाजते हे ठरवण्यासाठी निघाली, गडद छटांचे दोन प्रकार तिला मागून जोडले गेले. नुसत्या डोळ्यांच्या अंदाजावरही राहू नये, क्लिप बसते त्या बोटाच्या पाठीचा रंग रंगमापकाने मोजलेला असावा. प्रत्येक गटात स्वतंत्रपणे ३ टक्क्यांची अट पाळली जावी आणि ८५ टक्क्यांच्या वरच्या पट्ट्यात सर्वांत फिकट व सर्वांत गडद गटांच्या सरासरी चुकीत दीड टक्क्यापेक्षा जास्त फरक नसावा. ७० ते ८०, ८० ते ९०, ९० ते १०० असे आकडे वेगवेगळे मागावेत. उत्पादक बहुधा ७० ते १०० असा एकच आकडा पुढे करतात आणि वरच्या पट्ट्यातली चांगली कामगिरी खालची चूक झाकते.

पडद्यावर नाडीची लहर आणि परफ्युजन इंडेक्स (ठोक्याचा इशारा किती जोरकस आहे ते सांगणारा आकडा) दिसणे बंधनकारक करावे, अगदी उपकेंद्राच्या हातातल्या यंत्रातसुद्धा. किंमत थोडी वाढेल. पण इशारा क्षीण आहे हे न सांगता ठाम आकडा दाखवणारे यंत्र वापरणाऱ्याच्या हातात काहीच ठेवत नाही.

या अटींमुळे सुरुवातीला पुरवठादार कमी येतील, हे आम्ही जाणतो. म्हणून पहिल्या वर्षी अतिदक्षता विभाग, प्रसूती कक्ष आणि नवजात कक्षांच्या खरेदीला त्या लावाव्यात, नंतर सगळीकडे. राज्याची खरेदी मोठी आहे. गटवार आकडे सक्तीने मागितले तर उत्पादक ते आणतील, न मागितले तर कोणी आपणहून देणार नाही.

आज वापरात असलेल्या यंत्रांचे काय? त्यांची पडताळणी राज्यातच करता येते आणि त्यासाठी कोणालाही जास्तीची सुई टोचावी लागत नाही. केईएम, ससून, नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय अशा ठिकाणी उपचारासाठी एबीजी रोज होतातच. नमुना घेताना त्या क्षणीचा क्लिपचा आकडा, परफ्युजन इंडेक्स, यंत्राचे मॉडेल आणि त्वचेची छटा लिहून ठेवायची. पुरेशा जोड्या जमल्या, समजा दर मॉडेलला तीनशे आणि एका रुग्णाच्या पाचपेक्षा जास्त नाहीत, की त्या मॉडेलची खरी लायकी कळते. संस्थेच्या नीतिमत्ता समितीची परवानगी घ्यावी. एक फसगत हमखास होते : एबीजी यंत्रात को-ऑक्सिमीटर नसेल, तर त्यावर छापून येणारी ऑक्सिजनची टक्केवारी मोजलेली नसते, ऑक्सिजनचा दाब आणि पीएच यांवरून गणिताने काढलेली असते. तिच्याशी क्लिपची तुलना करण्यात अर्थ नाही. को-ऑक्सिमीटरने प्रत्यक्ष मोजलेलाच आकडा धरावा.

तोपर्यंत विभागाने एक परिपत्रक काढावे. त्यात मोजण्याची पद्धत असावी : रुग्णाला पाच मिनिटे शांत बसवणे, हात गार असतील तर चोळून ऊब देणे, नेलपॉलिश काढणे, काळी मेंदी असेल तर दुसरे बोट किंवा कानाची पाळी घेणे, हात हृदयाच्या पातळीला ठेवणे, ज्या दंडाला बीपीचा पट्टा आहे त्या हाताचे बोट न घेणे, उन्हात किंवा फोटोथेरपीच्या दिव्याखाली क्लिपवर कापड झाकणे, आकडा स्थिरावायला निदान अर्धा ते एक मिनिट थांबणे आणि यंत्रातली नाडी हाताने मोजलेल्या नाडीशी जुळते का ते पाहणे. नाडी जुळत नसेल तर ऑक्सिजनचा आकडा लिहूच नये.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे आकड्याबरोबर श्वास मोजणे. पूर्ण एक मिनिट, घड्याळ लावून. पंधरा सेकंद मोजून चाराने गुणू नये. प्रौढात २४ किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलात ४० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षाच्या बाळात ५०, त्याहून लहानात ६० किंवा जास्त असतील, छाती आत ओढली जात असेल, एक वाक्य एका दमात बोलता येत नसेल, तर क्लिप ९५ दाखवत असली तरी रुग्णाला घरी पाठवू नये. निळेपणा ओठांच्या बाहेरून पाहू नये, गडद त्वचेत तो दिसत नाही. जीभ आणि ओठांच्या आतला भाग उजेडात पाहावा. एकाच आकड्यापेक्षा उतार जास्त सांगतो : सकाळी ९७ आणि संध्याकाळी ९३ असलेला रुग्ण कालपासून ९३ वर स्थिर असलेल्यापेक्षा जास्त चिंतेचा आहे.

‘गडद त्वचा असेल तर तीन टक्के वजा करा’ असला सोपा नियम मात्र कृपया काढू नये. चूक माणसागणिक बदलते, वजाबाकी सगळ्यांना सारखी लागते. सीओपीडीच्या (श्वासनलिका अरुंद करणाऱ्या फुप्फुसाच्या जुनाट आजाराच्या) रुग्णाला ८८ ते ९२ मध्येच ठेवायचे असते, त्याला जास्त ऑक्सिजन दिला तर कार्बन डायऑक्साइड साठतो. एसएनसीयूतल्या (आजारी नवजात बाळांच्या विशेष कक्षातल्या) मुदतपूर्व बाळांसाठी ९० ते ९५ चे लक्ष्य सरसकट वाढवले, तर आरओपीने (मुदतपूर्व बाळांच्या दृष्टिपटलाच्या आजाराने) डोळे जाण्याचा धोका वाढतो. अशा रुग्णांत क्लिप आणि लक्षणे यांचा मेळ बसत नसेल तेव्हा एबीजी करावी, आणि जिथे ती होत नाही तिथे रेफर करण्याचा अधिकार परिचारिकेला आणि समुदाय आरोग्य अधिकाऱ्याला लेखी द्यावा. ‘आकडा तर ९४ होता, मग का पाठवले?’ असा जाब त्यांना विचारला जाऊ नये.

जाता जाता फुप्फुसांची क्षमता मोजणाऱ्या स्पायरोमीटरबद्दल. त्यातही वंशाचा रकाना असतो. कृष्णवर्णीयांची फुप्फुसे मुळातच १० ते १५ टक्के आणि आशियाईंची ४ ते ६ टक्के लहान, असे धरून यंत्र ‘नॉर्मल’ची रेषा खाली आणत आले. धुळीत काम केलेल्या मजुराची घटलेली क्षमता अशाने नॉर्मल ठरू शकते आणि सिलिकोसिसच्या (दगडाच्या धुळीने होणाऱ्या फुप्फुसाच्या आजाराच्या) भरपाईचा दावा तिथेच अडतो. अमेरिकन थोरॅसिक सोसायटीने २०२३ मध्ये वंशाचा रकाना सोडून २०२२ ची सर्वांना एकच असलेली समीकरणे वापरायला सांगितले. पुढच्या निविदेत ही समीकरणे बसवलेली आहेत का ते विचारावे आणि जुन्या यंत्रांत कोणता पर्याय निवडलेला आहे ते जिल्हावार तपासून घ्यावे. बहुतेक ठिकाणी तो पर्याय यंत्र बसवायला आलेल्या माणसाने निवडलेला असतो आणि नंतर कोणी त्याकडे पाहिलेले नसते.

जोड्यांच्या नोंदीसाठी एका पानाचा मराठी नमुना आणि निविदेतल्या कलमांचा मसुदा आम्ही तयार केला आहे. खरेदी समितीच्या पुढच्या तांत्रिक बैठकीपूर्वी तो मागवून घ्यावा. बोलीपूर्व बैठकीत पुरवठादारांच्या प्रश्नांना उत्तरे द्यायलाही आम्ही हजर राहू.

आपले,
राज्यातील अतिदक्षता, भूलशास्त्र आणि जैववैद्यकीय उपकरण विभागांत काम करणारे काही डॉक्टर, परिचारिका आणि अभियंते